साखरेचा पाक आणि पेशीचे बिऱ्हाड

दिवाळीच्या फराळात आमच्या आईचा हात धरील अशी बाई वाडीत नव्हती, असे मी म्हटले तर ती लेकीची फुशारकी समजून वाचकांनी सोडून द्यावी. पाकाच्या बाबतीत मात्र तिचा अधिकार सगळ्यांनी मान्य केलेला होता. शेजारणी पातेले उतरवण्यापूर्वी तिला हाक मारीत. ती येई आणि पाण्याने भरलेल्या वाटीत पाकाचा एक थेंब सोडी. थेंब पाण्यात विरून गेला तर म्हणे, “अजून कच्चा आहे गो.” तळाशी जाऊन त्याने गोळी धरली की म्हणे, “हां, आता उतरव.”

हाच प्रयोग पावसाच्या तोंडावर दुसऱ्या रूपाने होई. घमेल्यात मिठाचे पाणी करायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतायचे. पोचट दाणे वर तरंगत, भरीव दाणे तळ गाठीत. वरचे काढून टाकायचे. खालचे चांगल्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. जड ते बुडते, हलके ते तरंगते, यापलीकडे त्यात काही शास्त्र असेल असे आम्हा पोरांना कधी वाटले नाही. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले, फळ्यावर घनतेची व्याख्या शेकडो वेळा लिहिली, तेव्हाही वाटले नाही. त्या वाटीचे आणि त्या घमेल्याचे एक मोठे घराणे आहे आणि त्या घराण्याने माणसाच्या शरीराचे ज्ञान पालटून टाकले आहे, हे मला कळले ते इस्पितळातल्या एका बाकावर बसून. ती हकीकत ओघाने येईलच. आधी त्या घराण्याचा इतिहास सांगते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आता शाळकरी मुलेही जाणतात. यकृताची एक पेशी एवढीशी की मिलिमीटरभर लांबीत तसल्या चाळीस-पन्नास रांगेने बसाव्यात. एकोणिसाव्या शतकातल्या सूक्ष्मदर्शकातून तिच्यात एक केंद्रक दिसे आणि भोवती काही ठिपके, काही तंतू. पाहणाऱ्यांना वाडा दिसत होता. पण कोणत्या खोलीत कोण राहते आणि काय उद्योग करते, ते कळत नव्हते. उलट रसायनशास्त्रज्ञ यकृत कुटून त्याचा रस काढीत आणि त्यात काय काय आहे याची यादी करीत. त्यांच्या हाती सगळ्या बिऱ्हाडांचे सामान येई, पण वाडा जमीनदोस्त करून. कुठले भांडे कुठल्या खोलीतले, हे सांगायला मागे काही उरत नसे. बाहेरची भिंत तर पाडायची, पण आतल्या खोल्या शाबूत ठेवून एकेक अलगद वेगळी काढायची, अशी काही युक्ती हवी होती.

त्या वाटेवरचे एक पहिले पाऊल १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी पडले आणि तेही एका स्वयंपाकघरात. तिथल्या जुन्या किल्ल्यातल्या मुदपाकखान्याची प्रयोगशाळा केलेली होती. फ्रीडरिश मीशर नावाचा स्विस तरुण तिथे काम करी. गावातल्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून तो पुवाने भरलेल्या पट्ट्या आणी, क्षाराच्या पाण्यात धुऊन त्यांतल्या पांढऱ्या पेशी सोडवी आणि त्या भांड्याच्या तळाशी बसण्याची वाट पाही. त्या पेशींची केंद्रके सुटी करून त्यांतून त्याने एक नवाच पदार्थ काढला आणि त्याला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, तो माणसाच्या हाती प्रथम आला तो असा, फेकून द्यायच्या पट्ट्यांतून.

मीशरपाशी वाट पाहण्याखेरीज उपाय नव्हता. जितका कण बारीक तितका तो खाली बसायला वेळ लावतो आणि अतिबारीक कण तर कधीच बसत नाहीत. पण गोफणीत धोंडा घालून ती गरगर फिरवली की धोंडा कसा बाहेर ओढ घेतो, हे राखणीला बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. नळी तशीच फिरवली तर तिच्यातल्या कणांचे वजन जणू शेकडो पटींनी वाढते आणि ते झपाट्याने तळाशी जातात. हे तत्त्व आधी उपयोगी पडले ते दूधदुभत्याला. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल याने १८७८ मध्ये दुधातून साय अखंड वेगळी काढणारे फिरते यंत्र केले. पुढे प्रयोगशाळेतल्या अशा यंत्राला सेंट्रिफ्यूज हे नाव रूढ झाले.

दे लावाल ज्या उप्साला विद्यापीठात शिकला, तिथेच १९२४ मध्ये थिओडोर स्वेडबर्ग याने ‘अल्ट्रासेंट्रिफ्यूज’ उभा केला. पुढच्या काही वर्षांत त्याच्या यंत्रांनी पृथ्वीच्या ओढीच्या लाखो पट ओढ निर्माण केली. प्रथिने म्हणजे निश्चित वजन नसलेले कसले तरी चिकट गोळे, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. स्वेडबर्गने रक्तातले हिमोग्लोबिन फिरवून दाखवून दिले की त्याच्या रेणूला ठराविक वजन आहे, हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ६७ हजार पट. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

या यंत्रात पेशीचा वाडा घालण्याचे श्रेय प्रामुख्याने आल्बेर क्लोद याचे. हा बेल्जियममधल्या एका खेड्यातला मुलगा. तो लहान होता, तेव्हाच त्याची आई कर्करोगाने गेली. पोरवयात त्याने पोलादाच्या कारखान्यात उमेदवारी केली, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हेरखात्यासाठी काम केले. युद्धातून परतलेल्यांना सवलत मिळाली म्हणूनच, शाळेचा दाखला नसताना, त्याला वैद्यकीच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला. १९२९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाला. कोंबड्यांना होणाऱ्या एका गाठीच्या रोगाचे बीज शुद्ध स्वरूपात वेगळे काढायचे, हे त्याचे काम. गाठी वाटून त्याने तो रस वेगाने फिरवला. तळाशी बारीक कणांचा थर बसला आणि रोगाचे बीज त्या थरात दाट झालेले आढळले. ताळा पाहण्यासाठी म्हणून त्याने कोंबडीच्या निरोगी गर्भाचे ऊतक तसेच फिरवले. तिथेही तसाच थर!

दुसरा एखादा निराश झाला असता. आपण इतके दिवस रोगबीज म्हणून घरातल्याच वस्तू गोळा करीत होतो, असे म्हणून त्याने नळ्या धुऊन टाकल्या असत्या. क्लोदने उलट विचार केला. निरोगी पेशीतही हे कण असतील तर ते पेशीचेच अवयव असले पाहिजेत. मग त्याने रोगी गाठ बाजूला ठेवून साध्या पेशींचेच वाटप सुरू केले. हळू फिरवले की आधी केंद्रके तळाशी येतात. उरलेला रस जोराने फिरवला की ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया. त्याहून जोराने फिरवला की ते बारीक कण, ज्यांना त्याने ‘मायक्रोसोम’ म्हटले. एकेक बिऱ्हाड वेगळ्या नळीत आले.

यात एक अडचण होती आणि ती सोडवली साखरेने. साध्या पाण्यात मायटोकाँड्रिया फुगत. मिठाच्या पाण्यात त्यांचे गठ्ठे होत. १९४८ मध्ये त्याच संस्थेतले हॉजबूम, श्नायडर आणि रुमानियाहून आलेला जॉर्ज पॅलेड या तिघांनी यकृत वाटले ते साखरेच्या दाट पाण्यात, लिटरभर द्रावणात सुमारे ३०० ग्रॅम साखर या प्रमाणात. जिवंत पेशीत दिसतात तशा लांबट काड्यांच्या रूपात मायटोकाँड्रिया त्यांच्या हाती आली. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरचा मोरावळा आठवला. आवळा पाण्यात राहिला तर कुजतो, पाकात आपले रूप धरून राहतो. कारणे निराळी आहेत, हे मी शिक्षिका म्हणून सांगितलेच पाहिजे. पण आठवला खरा.

तरीही वाटप चोख होत नसे. सगळ्या कणांनी भरलेली नळी फिरवली तर वरून निघालेला मोठा कण आणि आधीपासून तळाजवळ असलेला लहान कण एकाच वेळी खाली पोचतात. शिवाय नळीतला द्रव जरा हिंदकळला की थर मिसळून जातात. यावरची युक्ती मायरन ब्राक याने १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. तो न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन येथील वनस्पती उद्यानात बटाट्याच्या एका रोगाच्या विषाणूवर काम करीत होता. विषाणू थोडे आणि वनस्पतीचा गाळ फार, अशी त्याची अडचण. त्याने नळीत साखरेचे पाणी भरले, पण एकाच दाटीचे नव्हे. तळाशी सर्वांत दाट, त्यावर जरा पातळ, त्यावर आणखी पातळ, असे थर अलगद चढवले. नळी तशीच ठेवून दिली की थरांच्या कडा एकमेकांत विरतात आणि वरून खालपर्यंत घनतेचा एक सलग उतार तयार होतो. या उताराच्या माथ्यावर रसाचा पातळसा थर सोडायचा आणि नळी फिरवायची. सगळे कण आता एकाच रेषेवरून निघतात. खालचा द्रव वरच्याहून जड असल्यामुळे तो हिंदकळत नाही. यंत्र थांबवून पाहावे तर नळीत आडवे पट्टे उभे असतात, एकेका जातीच्या कणांचा एकेक.

या उताराचे दोन उपयोग आहेत. यंत्र लवकर थांबवले तर ती शर्यत ठरते. मोठा कण पुढे, लहान मागे. पण उतार पुरेसा दाट करून यंत्र खूप वेळ चालू ठेवले तर प्रत्येक कण आपल्याइतकीच घनता जिथे आहे तिथे जाऊन थांबतो. तिथून खाली गेला तर भोवतालचा द्रव त्याला वर ढकलतो, वर गेला तर तो आपणच खाली येतो. आमच्या आईचे मिठाचे घमेले दोनच निकाल देई: पेरायचे किंवा टाकायचे. या नळीत कोणीच पोचट ठरत नाही. जो तो आपल्या ठिकाणी जातो, आणि ते ठिकाण हीच त्याची ओळख.

ही ओळख किती मोलाची, ते बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात दिसून आले. क्रिस्त्याँ द द्यूव्ह तिथे यकृतावर इन्शुलिनचे काय कार्य होते, याचा शोध घेत होता. १९४९ मध्ये त्याच्या प्रयोगात एक लहानसे विघ्न आले. ताळ्यासाठी मोजायच्या एका पाचक रसाचे प्रमाण अपेक्षेच्या एक दशांशच भरले. नळ्या शीतकपाटात ठेवून मंडळी घरी गेली. पाच दिवसांनी पुन्हा मोजले तर प्रमाण पुरेपूर! द द्यूव्हने इन्शुलिन बाजूला ठेवले आणि त्या विघ्नाचा पाठपुरावा केला. तो रस पेशीत मोकळा नसतो, एका बंद पिशवीत असतो. शीतकपाटात पिशव्या फुटल्या आणि रस बाहेर आला, असा त्याने निष्कर्ष काढला. १९५५ मध्ये या पिशव्यांना ‘लायसोसोम’ हे नाव मिळाले. पेशीतला टाकाऊ माल पचवून टाकणारी ही कोठी.

पण या पिशव्या आणि मायटोकाँड्रिया आकाराने इतक्या जवळच्या की साध्या फिरवण्याने दोन्ही एकाच गाळात येत. इथे घनतेचा उतार कामी आला. साखरेच्या उतारात मायटोकाँड्रिया सुमारे १.१९ घनतेपाशी थांबतात, लायसोसोम सुमारे १.२२ पाशी. एवढ्याशा फरकावर पट्टे वेगळे करणे कठीण. तेव्हा लूव्हाँच्या मंडळींनी उंदरांना आधी एक साबणासारखा पदार्थ टोचला. लायसोसोम तो गिळून साठवतात, त्यामुळे हलके होतात आणि उतारावर बरेच वर जाऊन थांबतात. मग आणखी एक गंमत झाली. एक-दोन रस या दोन्ही पट्ट्यांत नव्हते. ते त्याहून खाली, तिसऱ्याच जागी सापडले. तीही एक निराळीच खोली निघाली. तिला १९६५ मध्ये ‘पेरॉक्सिसोम’ हे नाव दिले गेले.

हे सारे प्रयोगशाळेतले कौतुक म्हणून राहिले नाही. काही तान्ह्या मुलांचे हृदय आणि स्नायू साखरेच्या एका साठ्याने भरून जातात आणि पहिल्या वाढदिवसाच्या आतच ती दगावतात. पाँपे नावाच्या डच डॉक्टरने १९३२ मध्ये या रोगाचे वर्णन केले होते. कारण कोणाला सांगता येत नव्हते. १९६३ मध्ये द द्यूव्हचा सहकारी आन्री-जेरी हेर्स याने दाखवून दिले की या मुलांच्या लायसोसोममधला एक रस जन्मतःच नसतो. कोठीतला एक कामकरी नाही, म्हणून माल साचत जातो. तो रस बाहेरून देणारे औषध २००६ मध्ये मान्य झाले. खोली सापडली नसती तर तिच्यातला गैरहजर माणूसही ध्यानात आला नसता. १९७४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक क्लोद, पॅलेड आणि द द्यूव्ह या तिघांना मिळून देण्यात आले.

याच उतारावर आणखी एक मोठा निकाल लागला. डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्ये उलगडली, तेव्हा वॉटसन आणि क्रिक यांनी सुचवले होते की दोन पेड सुटतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. पण खरोखर तसेच होते काय? कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल या दोन तरुणांनी जंतूंना १४ पिढ्या जड नायट्रोजनवर पोसले आणि मग एकदम साध्या नायट्रोजनवर आणले. डीएनएला तोलून धरायला साखर पुरत नाही, म्हणून त्यांनी सीझियम क्लोराइड हे जड मीठ घेतले. मिनिटाला ४४,७७० फेरे, असे २० तास फिरवले. एका पिढीनंतर नळीत एकच पट्टा होता, जड आणि हलक्या यांच्या बरोबर मध्ये. दोन पिढ्यांनंतर दोन सारखे पट्टे, एक मधला, एक हलका. म्हणजे प्रत्येक लेकराकडे एक पेड आईचा आणि एक नवा. १९५८ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला.

आता बाकावरची हकीकत.

१९८८ मध्ये माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तो चौतिसाचा होता, पदरात चार वर्षांची मुलगी. त्याला मुंबईला आणले. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुणे सुरू झाले. अंगात रक्त ठरेना म्हणून बाहेरचे रक्तही अनेकदा चढवले. डॉक्टर म्हणाले, घरच्या कोणाचे मूत्रपिंड मिळाले तर पाहू. रक्तगट दोघींचा जुळला, माझा आणि आईचा. आई एकसष्ट वर्षांची. मी देणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकले होते. “ताई, तू कशाला?” असे तो म्हणाला, तेव्हा मी त्याला लहानपणीसारखे दटावले.

त्याआधी एक चाचणी करतात. देणाऱ्याच्या रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी घ्यायच्या आणि घेणाऱ्याच्या रक्तद्रवात ठेवायच्या. त्या रक्तद्रवात त्यांच्याविरुद्ध हत्यारे तयार असतील तर पेशी मरतात. मेलेल्या पेशी रंग पितात, जिवंत पेशी रंगाला आत घेत नाहीत. या चाचणीचे मोल पटेल आणि तेरासाकी यांनी अमेरिकेत १९६९ मध्ये दाखवून दिले. चाचणी प्रतिकूल असूनही बसवलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ तत्काळ निकामी झाली. अनुकूल असलेल्या १९५ पैकी अवघी ८.

प्रयोगशाळेतल्या मुलीला मी शिक्षिका असल्याचे कळले, तेव्हा तिने मला आत बोलावून नळी दाखवली. तळाशी तांबडा गाळ, वर पिवळसर द्रव आणि मध्ये, जिथे दोन द्रव भेटतात तिथे, पांढुरकी पुसटशी कडी. “बाई, एवढंच हवं असतं आम्हाला,” ती म्हणाली. ही रीत नॉर्वेच्या आर्ने बॉयम याने १९६८ मध्ये बसवली. साखरेचेच मोठमोठे रेणू करून बनवलेले फायकॉल आणि क्ष-किरणांच्या फोटोसाठी शिरेत टोचायचे एक औषध यांच्या मिश्रणाची घनता त्याने १.०७७ वर आणली. हा उतार नव्हे, एकच पायरी. तिच्यावर पातळ केलेले रक्त सोडून अर्धा तास फिरवले की तांबड्या पेशी गोळा होऊन खाली जातात आणि हव्या त्या पांढऱ्या पेशी पायरीवर थांबून राहतात.

मी बाहेर येऊन आईला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे मिठाच्या पाण्यातलं बियाणंच की!”

दुसऱ्या दिवशी निकाल आला. माझ्या पेशी मेल्या होत्या. चढवलेल्या परक्या रक्तामुळे भावाच्या शरीराने जी हत्यारे घडवली होती, ती नेमकी माझ्यावर चालत होती. आईच्या पेशी जिवंत राहिल्या. मी बाकावर बसून राहिले. आपण पोचट निघालो, एवढेच मनात येत होते. आई शेजारी येऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुझं त्याला चालत नाही, त्यात तुझं काय उणं? माझ्या पोटातच वाढला तो, माझं त्याला काय वावडं असणार?”

डॉक्टरांनी तिची तपासणी पुन्हा पुन्हा केली, वयाबद्दल कुरकुर केली आणि अखेर हो म्हटले. मार्गशीर्षात तिचे मूत्रपिंड भावाला बसवले. तो त्यानंतर सोळा वर्षे जगला. मुलीचे कन्यादान करून गेला. आज मुंबईतच आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या मेहनतीतून निघालेल्या, २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराची सुरुवातही रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढूनच होते, हे वाचले की मला ती पुसट कडी आठवते.

त्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवाळीला आईने चुलीपाशी बसू नये, असे आम्ही सगळ्यांनी तिला बजावले होते. तिने ऐकले नाही. शेजारची नवी सून पाक दाखवायला आली, तेव्हा आईने वाटीत थेंब सोडला आणि भावाच्या मुलीला जवळ ओढून म्हणाली, “बघ, कुठं जाऊन थांबतो ते.”